तपासणारी एल्बिया

मेम्ब्रिशो फळाच्या वड्यांचं काम अर्ध्यावर आलं होतं. चार किलो फळं सोलून, उकडून, चाळणीतून गाळून एल्बियाने पातेल्यात साखरेवर घातली होती आणि तासभर ती लाकडी डाव हलवत उभी होती. पिवळा रंग नुकता कुठे लालसर व्हायला लागला होता. या टप्प्यावर हात थांबवायचा नसतो. थांबला की बुडाला लागतं, आणि एकदा लागलं की सगळ्या पातेल्याला करपट वास येतो. दुरास्नो गावातल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारलं तरी ती हेच सांगेल. तरी एल्बियाचा हात थांबला.

ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या संगणकावर एक ई-मेल आली होती. पाठवणारा नेल्सन ओलिवेरा. शाळेच्या संगणकांमधला उलटा लागलेला पडद्यामागचा दिवा सुलटा करणाऱ्या प्रोग्रामच्या अकरा ओळी त्याने जगापुढे मांडल्या होत्या. एल्बियाने त्या वाचल्या. अकराच्या अकरा ओळी तिच्या स्वतःच्या होत्या. शब्द तिचे होते, क्रम तिचा होता, कंसानंतर एक जागा मोकळी सोडायची तिची जुनी खोडसुद्धा तशीच होती. खाली लिहिलं होतं, सही : नेल्सन ओलिवेरा. आणि त्याच्याही खाली, तपासणारी : एल्बिया पिरिस.

लगेच पुढच्या मेलमध्ये हॉलंडमधल्या हेंद्रिकचं उत्तर होतं. संगणकाच्या मूळ प्रोग्रामच्या पडद्यांच्या विभागात काय घ्यायचं आणि काय परत पाठवायचं हे हेंद्रिक ठरवतो. त्याने एवढंच लिहिलं होतं, ‘‘एल्बियाने तपासलंय म्हणजे प्रश्नच नाही. घेतलं. आभार.’’

परसातून तिचा नवरा एबर काखेत थर्मास आणि हातात येर्बाच्या कडू चहाचा तुंबा घेऊन आत आला.

‘‘काय गं, काय जळतंय?’’

‘‘मी.’’

‘‘तुझा वास मला ओळखीचा आहे, म्हातारे. हा वेगळा आहे.’’ त्याने पुढे होऊन गॅस बंद केला. पातेल्यात बुडबुडा फुटला, त्याचा एक शिंतोडा तिच्या मनगटावर उडाला. तिला तो जाणवलाही नाही.

एल्बिया पिरिस म्हणजे आमच्या गावातली रागीट बाई, असं कुणीही सांगेल, आणि ते खोटंही नाही. पण तिचा राग कशावर असतो ते माहीत असायला हवं. वस्तू नीट लागलेली नसली की तिला राग येतो. बिजागरी तिरकी बसवलेली, तार नुसती पीळ देऊन सोडलेली, स्क्रू अर्धाच फिरवलेला, असलं काही दिसलं की तिच्या कपाळाची शीर उठते. एकदा मिस्सामध्ये फादर प्रवचन देत होते आणि ध्वनिक्षेपक घरघर करत होता. ही बाई तिसऱ्या रांगेतून उठली, वेदीपाशी गेली, वायर ओढून काढली, पर्समधल्या चाकूने तिचं टोक सोललं, पुन्हा घातली आणि जागेवर येऊन बसली. फादर तोवर गप्प उभे होते. त्या दिवशीचं प्रवचन शेवटपर्यंत स्पष्ट ऐकू आलं, आणि देवाला त्याचा राग आला असेल असं मला तरी वाटत नाही.

तरुणपणी तिने टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला. मग सरकारने शाळांतल्या पोरांना संगणक दिले, तेव्हा गावात त्यांच्या दुरुस्तीची कचेरी निघाली आणि ती तिथे लागली. आधी कळा बदलायच्या, पडदे बदलायचे, चार्जरच्या पिना जोडायच्या. हळूहळू तिच्या लक्षात आलं की अर्धी मशीनं मोडलेलीच नसतात. रोग लोखंडात नसून आतल्या सांगण्यात असतो.

संगणक चालू केला की सगळ्यात आधी जागा होतो आणि सगळ्यांना कामाला लावतो, त्या प्रोग्रामला कर्नेल म्हणतात. पडद्याशी बोलणारा त्याचा एक तुकडा, आवाजाशी बोलणारा दुसरा, कळांशी बोलणारा तिसरा. या तुकड्यांना ड्रायव्हर म्हणतात. जगभरचे लोक हे कर्नेल मिळून लिहितात, आणि सगळा व्यवहार ई-मेलवर, उघड्यावर चालतो. कुणीही चूक दाखवावी, कुणीही दुरुस्तीचं ठिगळ पाठवावं. एल्बियाने इंग्रजीचा कोश मांडीवर घेऊन हे सगळं एकेक शब्द करत शिकून घेतलं. पहिलं ठिगळ पाठवलं तेव्हा ते तीनदा परत आलं. चौथ्यांदा लागलं. आता तिची सतरा ठिगळं आत आहेत. कचेरी बंद झाली, सगळी कामं राजधानीतल्या एका कंपनीकडे गेली, तरी शाळांच्या बाया अजून मशीन घेऊन तिच्याच दारात येतात.

नेल्सन तिच्याच हाताखाली शिकला. तिला तो ‘बाई’ म्हणायचा. पुढे त्या राजधानीतल्या कंपनीत त्याला नोकरी लागली तेव्हा तिनेच त्याच्या आईला मिठी मारून अभिनंदन केलं होतं.

मार्चमध्ये शाळा उघडल्या आणि झुल्माच्या शाळेत सव्वीस नवी मशीनं आली. झुल्मा तिथली मुख्याध्यापिका, एल्बियाची लहानपणापासूनची मैत्रीण. आठ दिवस मशीनं छान चालली. मग नव्या कर्नेलची भर पडली आणि सव्वीसच्या सव्वीस पडदे काळे झाले. कंपनीने कळवलं, पडदे मेले आहेत. झुल्मा एक मशीन टॉवेलात गुंडाळून एल्बियाकडे घेऊन आली, आजारी कोंबडी आणावी तसं.

एल्बियाने विजेरी घेतली आणि पडद्यावर तिरकी धरली. अंधारात पुसटशी खिडकी दिसली, तिच्यावर शाळेचं नावही दिसलं. पडदा जिवंत होता. फक्त त्याच्या पाठीमागचा दिवा लागत नव्हता.

या मशीनांना कंपनीचं कुलूप असतं. आतलं काही बदलता येत नाही, उजेडाच्या कळांशी पोरांनी खेळू नये म्हणून त्यासुद्धा बंद करून ठेवलेल्या. म्हणून तिने नेल्सनला फोन केला, आणि त्याने त्या एका मशीनचं कुलूप तपासणीसाठी उघडून दिलं. मग दोन दिवस ती त्या दिव्याच्या मागे लागली. शंभर लिहिलं, अंधार. नव्वद लिहिलं, अंधार. घरभर चकरा मारून झाल्या, कोश चाळून झाला. शेवटी चिडून ती म्हणाली, ‘‘मर मग एकदाचा,’’ आणि तिने शून्य लिहिलं. पडदा लख्ख उजळला.

कारखान्यात दिव्याची तार उलटी लावली होती. शून्य म्हणजे पूर्ण उजेड, शंभर म्हणजे काळोख. जुनं कर्नेल दिव्यात हातच घालत नव्हतं, म्हणून चाललं होतं. नवं कर्नेल उजेड व्हावा म्हणून इमानदारीने शंभर देत होतं आणि पडदा विझवत होतं.

उपाय सोपा होता. प्रत्येक मशीनच्या पोटात त्याच्या मॉडेलचं नाव कोरलेलं असतं. कर्नेलला सांगायचं की या नावाचं मशीन दिसलं की आकडे उलटे करून दे. अकरा ओळी. तिने त्या लिहिल्या आणि कुलूप उघडून दिल्याबद्दलचा मान म्हणून नेल्सनला पाठवून दाखवल्या. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना तिला आठवलं आणि हात साबणाचे तसेच ठेवून तिने त्याला फोन लावला.

‘‘अरे, ते कुणाला देऊ नकोस हं. कच्चं आहे. तुमच्या कंपनीने तीन वर्षांपूर्वीही याच नावाची मशीनं काढली होती की नाही? त्यांची तार सुलटी होती. नुसतं नाव बघून आकडे उलटे केले तर त्या सगळ्या काळ्या पडतील. आतल्या बोर्डाचा नंबरही बघायला हवा. जुनं मशीन हाताशी लागलं की दोन्हींवर तपासते, मग पाठवते.’’

‘‘हो बाई,’’ तो म्हणाला होता. ‘‘तुम्ही म्हणाल तसं.’’

हे झाल्याला आता नऊ दिवस झाले होते.

शुक्रवारी दुपारी, गाव झोपलेलं असताना, तिने त्याला फोन लावला. चौथ्या खेपेला त्याने उचलला.

‘‘बाई! मी तुम्हाला करणारच होतो.’’

‘‘खोटं बोलू नकोस. ती मेल तू मला पाठवली नाहीस. ज्याचं नाव ठिगळात असतं त्याला नक्कल आपोआप जाते, हे विसरलास म्हणून मला कळलं.’’

‘‘बाई, ऐका. कंपनीच्या नावाने जायला हवं होतं. इथे मला अजून सहा महिने झाले नाहीत. साहेब रोज विचारतात, पडद्यांचं काय झालं. तुमचं श्रेय मी बुडवलं नाही. नाव टाकलंय की तुमचं!’’

‘‘कुठे टाकलंस?’’

‘‘खाली... तपासणारी म्हणून.’’

‘‘मी काय तपासलं, नेल्सन?’’

उत्तराची वाट न बघता तिने पुढे विचारलं.

‘‘जुन्या मशीनवर हे मी चालवून बघितलं? कधी? माझ्या घरी जुनं मशीन आहे? तू आणून दिलंस?’’

‘‘बाई, ती जुनी कोण वापरतं आता? चार-दोन असतील कुठे.’’

‘‘तुला चोरी करायची होती ना, लेखकाच्या जागी तुझं नाव घातलंस, ते मी समजू शकते. भूक लागली म्हणून पाव चोरला म्हणते. पण तू मला साक्षीदार केलंस! मी डोळ्याने न बघितलेल्या गोष्टीची साक्ष माझ्या नावाने देऊन मोकळा झालास. आणि तो हेंद्रिक काय म्हणतोय वाचलंस? एल्बियाने तपासलंय म्हणजे प्रश्नच नाही. त्याने तुझ्या तोंडाकडे बघून नाही घेतलं ते.’’

‘‘म्हणून तर टाकलं,’’ तो पटकन बोलून गेला.

एल्बियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्यात ती वावरते त्या लोकांत ‘तपासणारी’ ही ओळ म्हणजे शिष्टाचाराचा नमस्कार नाही. मी हे माझ्या हाताने, माझ्या यंत्रावर चालवलं आणि ते म्हणतं तसंच वागलं, असं सांगणं आहे ते. दुसऱ्याला न विचारता तिथे त्याचं नाव लिहायचं नाही, हा नियम नेल्सनला तिनेच शिकवला होता, त्याच्या पहिल्या आठवड्यात, त्याच ओट्यापाशी.

‘‘मागे घे,’’ ती म्हणाली.

‘‘आता नाही घेता येणार. येत्या गुरुवारी हेंद्रिक सगळी ठिगळं वर, मुख्य कर्नेलमध्ये पाठवतो. हे निघालं तर पुढची खेप थेट जुलैत. तोवर कंपनी हात लावणार नाही, वरून आलेलंच घ्यायचं असा नियम आहे आमचा. झुल्माबाईंची पोरं जुलैपर्यंत अंधारात बसणार, बाई. त्यांचा विचार करा.’’

‘‘पोरांना मध्ये घालू नकोस.’’

‘‘मी कुठे घालतोय? ती आहेतच मध्ये.’’

तिने फोन ठेवला. मग पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला, जोरात, कारण पहिल्या वेळी पुरेसा आवाज झाला नव्हता.

शनिवारभर ती घरात कुणाशी नीट बोलली नाही. कपडे वाळत घातले ते असे की चिमट्यांना दुखावं. एबरने दोनदा तिच्यापुढे तुंबा धरला. दोनदा तिने नळी ओढून येर्बा संपवला आणि आभार न मानता परत दिला.

‘‘एक विचारू?’’ तो म्हणाला.

‘‘नको.’’

‘‘त्याने तुझं नाव काढून टाकलं असतं, नुसतंच चोरलं असतं, तर तू एवढी चिडली असतीस?’’

तिने खरोखर विचार केला. ‘‘चिडले असते. पण झोपले असते.’’

रविवारी ती मिस्साला गेली. नेहमीच्या जागी बसली. सगळं नीट चाललं होतं. मग सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले, आणि ज्यांनी आपलं वाईट केलं त्यांना आपण क्षमा करतो ती ओळ आली तेव्हा एल्बियाचे ओठ मिटले. शेजारची बाई मोठ्याने म्हणत होती, मागची पोरं म्हणत होती, एबर म्हणत होता. ती वेदीवरच्या फुलांकडे बघत ती ओळ निघून जाईपर्यंत थांबली आणि पुढच्या ओळीला पुन्हा सामील झाली. तिचं म्हणणं असं की जे मी करत नाहीये ते मी म्हणणार नाही, आणि देवापुढे तर अजिबात नाही. फादरना हे मान्य होणार नाही. पण या आठवड्यात दुसरी खोटी साक्ष द्यायची तिची तयारी नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर झुल्मा तिची वाट बघत उभी होती. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, चेहरा लाल.

‘‘अगं एल्बिया, मला फोन आला होता.’’

‘‘कुणाचा ते सांगू नकोस.’’

‘‘म्हणाला, बाई ते ठिगळ काढायला लावणार आहेत. तू माझ्या पोरांचे पडदे विझलेलेच ठेवणार आहेस म्हणे.’’

‘‘त्याने तुला माझ्यावर सोडलं!’’ एल्बियाचा आवाज चढला. पायऱ्या उतरणारी दोन म्हातारी माणसं थांबली. ‘‘स्वतः तोंड दाखवायची हिंमत नाही, तर तुला पुढे केलं!’’

‘‘मला कुणी पुढे करत नाही. मी मुख्याध्यापिका आहे. सव्वीस पोरं खिडकीकडे पाठ करून, मशीन तिरकं धरून अक्षरं शोधतात. एकीने आईची विजेरी आणली, ती आता अख्खा वर्ग आळीपाळीने वापरतो. तू स्वतः बघितलंयस.’’

‘‘बघितलंय.’’

‘‘मग नाव मोठं की पोरांचे डोळे?’’

‘‘नावाचं नाही गं हे! खोट्याचं आहे. मी तपासलं नाही आणि तिथे लिहिलंय की तपासलं. तू वर्गात न आलेल्या पोराची हजेरी लावतेस का?’’

‘‘लावते,’’ झुल्मा म्हणाली. ‘‘आई आजारी असली आणि पोर तिच्यापाशी बसलेलं असलं, की लावते.’’

 एल्बियाने हातमोजे चढवले, पुन्हा काढले.

‘‘ते पोर घरी आहे हे तुला माहीत असतं,’’ ती अखेर म्हणाली, आवाज खाली आणून. ‘‘इथे मला माहीत आहे की जुनी मशीनं काळी पडतील. नुसती शंका नाही, माहीत आहे. तुझे सव्वीस उजळतील आणि दुसऱ्या कुणाचे विझतील. आणि ज्याचा विझेल तो खाली बघेल, कुणी तपासलं होतं म्हणून. तिथे मी.’’

‘‘किती आहेत ती जुनी?’’

‘‘माहीत नाही. कुठे कुठे विकली असतील.’’

‘‘म्हणजे माझी पोरं तुझ्या डोळ्यांपुढे आहेत, आणि ती माणसं तुला माहीतही नाहीत.’’

‘‘हो.’’

‘‘छान,’’ झुल्मा म्हणाली. ‘‘हे तू सोमवारी माझ्या वर्गात येऊन सांग. मी नाही सांगणार.’’ आणि ती निघून गेली. निरोपाला गालाला गाल न लावता. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

घरी येऊन एल्बिया जेवली नाही. टेबल पुसलं आणि लिहायला बसली. पहिलं पत्र तिने आपल्या भाषेत लिहिलं, चाळीस ओळींचं. एबरने चष्मा लावून वाचलं.

‘‘चोर हा शब्द तीनदा आलाय.’’

‘‘चौथ्यांदा घालायचा होता.’’

‘‘आणि दुसऱ्या परिच्छेदातून त्याच्या आजीला सोडून दे. ती बिचारी मेलीये.’’

तिला हसू आलं, आणि हसू आलं याचाही राग आला. तिने सगळं पुसलं. मग कोश घेऊन इंग्रजीत सहा वाक्यं लिहिली. हे ठिगळ मी तपासलेलं नाही. माझं नाव मला न विचारता घातलं आहे. मसुदा माझा आहे आणि तो अपुरा आहे. याच नावाच्या जुन्या मशीनमध्ये दिव्याची तार सुलटी आहे. हे लागलं तर त्यांचे पडदे काळे होतील. कृपया काढून टाकावं.

‘मसुदा माझा आहे’ या वाक्यापाशी ती बराच वेळ थांबली. ते काढलं असतं तरी काम झालं असतं. नेल्सनची नोकरी कदाचित वाचली असती. त्याच्या आईचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला, त्या मिठीच्या दिवशीचा. तिने ते वाक्य पुसलं. पत्र पुन्हा वाचलं. आता ते खरं होतं, पण अर्धं. तिने ते वाक्य पुन्हा लिहिलं आणि विचार बदलायच्या आत बोट दाबलं.

आता हे पत्र जगभर गेलं होतं आणि कायमचं तिथेच राहणार होतं. असल्या पत्रांना पुसायची सोय नसते.

तासाभरात हेंद्रिकचं उत्तर आलं. रविवारीही तो बसलेलाच असतो, देव त्याला विश्रांती देवो. ‘‘काढलं. नेल्सन, न विचारता कुणाचं नाव घालणं इथे चालत नाही, पुन्हा असं झालं तर तुझ्याकडून मी काही घेणार नाही. एल्बिया, तुझं पुरं झालेलं ठिगळ, दोन्ही मशीनवर तपासलेलं, गुरुवारपर्यंत आलं तर घेतो. नाही आलं तर जुलै.’’

ते वाचून होतंय तोच फोन वाजला.

‘‘सगळ्या जगासमोर, बाई!’’ नेल्सनचा आवाज फुटला होता. ‘‘मला एकट्याला सांगता आलं नसतं?’’

‘‘शुक्रवारी एकट्यालाच सांगितलं होतं. मागे घे म्हणाले. तू झुल्माला फोन केलास.’’

‘‘साहेबांनी वाचलंय. उद्या सकाळी बोलावलंय मला.’’

‘‘मग खरं काय ते सांग त्यांना.’’

‘‘तुम्हाला काय, तुम्ही घरी बसून वड्या करता! तुमचं काय जातंय?’’

एल्बियाने एक मोठा श्वास घेतला. एबर दारात उभा राहून बघत होता, आता ही काय बोलते म्हणून.

‘‘माझं नाव जात होतं,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्याकडे घर आहे, नवरा आहे, हे दोन हात आहेत आणि मी सांगितलं की ते तसंच असतं, एवढं आहे. हे शेवटचं मी पंचवीस वर्षं जमवलंय, आणि तू ते हातरुमालासारखं खिशातून काढून नाक पुसलंस. तुझ्या साहेबांपुढे तू काय भोगशील त्याचं मला वाईट वाटेल, उद्या वाटेल. आज मला संताप आलाय, नेल्सन, आणि तो मी गिळणार नाही.’’



‘‘जुनं मशीन तरी आहे का तुमच्याकडे तपासायला?’’ तो शेवटी म्हणाला. त्यात टोमणा होता की विचारणं, ते तिला कळलं नाही.

‘‘नाही.’’

‘‘मग गुरुवार गेला तुमचा. आणि पोरांचा.’’ फोन बंद झाला.

ती तशीच उभी राहिली. मग खुर्ची ओढून बसली आणि तिने ठिगळ उघडलं. बोर्डाचा नंबर बघणारी ओळ घातली. नवं मशीन चालू केलं, पडदा उजळला. विझवलं, पुन्हा चालू केलं, झोपवलं, जागं केलं, पुन्हा उजळला. दहा वेळा केलं. एका बाजूची खात्री झाली. दुसरी बाजू रिकामी होती. ‘तपासणारी’ या शब्दापुढे स्वतःचं नाव लिहायची तिला आत्ता परवानगी नव्हती, आणि ही परवानगी नाकारणारी ती स्वतःच होती.

‘‘अगं, पॉलिक्लिनिकात आहे की एक,’’ एबर मागून म्हणाला. ‘‘लसीच्या खोलीत. नर्स इर्मा त्याच्यावरच नावं टाकते. मला फ्लूची सुई टोचली तेव्हा बघितलं. तीन वर्षांचं तरी असेल, झाकणाला चिकटपट्टी लावलीये.’’

‘‘आतलं नाव हेच आहे?’’

‘‘ते मला काय माहीत? बाहेरून तसंच दिसतं. कंपनीचा शिक्का तोच.’’

‘‘इर्मा देणार नाही. तिच्याशी भांडले होते मी, रांगेवरून.’’

‘‘आपल्या गावात अशी एक तरी बाई आहे का जिच्याशी तू भांडली नाहीस?’’

‘‘झुल्मा होती,’’ एल्बिया म्हणाली, ‘‘आज सकाळपर्यंत.’’ तिचे डोळे भरून आले आणि तिने ते रागाने पुसले, बाहीने, नाकासकट.

 एबरने थर्मासमधलं पाणी ओतलं आणि तुंबा तिच्यापुढे धरला. या वेळी तिने आभार मानले.

मग तिने वही ओढली आणि सोमवारच्या पानावर सगळ्यात वर लिहिलं : सकाळी सातला, लसीची रांग लागायच्या आत, पॉलिक्लिनिकात जाऊन नर्स इर्माकडून तिचं जुनं मशीन दोन तासांसाठी मागून आणणे.